लोडात शिवलेलं शिंग

हाड जुनं आहे की कालपरवाचं, हे ओळखायची पहिली परीक्षा जिभेची असते. हाड नदीत खळबळून घ्यायचं, ओढणीला पुसायचं आणि तुटक्या कडेला जीभ लावायची. जुनं, भोकाभोकांचं हाड जिभेला धरून ठेवतं, साधा दगड लगेच सोडतो. आमच्या खारपाणपट्ट्यातलं असेल तर वरून खारटही लागतं. परीक्षा पक्की नाही, मलाही माहीत आहे. मग दुसरी घ्यायची. दगडावर हलकं आपटून आवाज ऐकायचा. तिसरी काडेपेटीची. ताज्या हाडाला जळती काडी लावली की केस जळाल्यासारखा वास येतो, दगड झालेल्याला येत नाही. उभा जन्म शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवलेल्या बाईला परीक्षा घेतल्याशिवाय चैन पडत नाही, त्याला ती तरी काय करणार?

पहिली परीक्षा चालू असताना आमच्या ह्यांनी मला एकदा पाहिलं होतं. काठावरून ओरडले, "अवं, काय खाऊन राहिली?"

"हाड," मी म्हटलं.

"तोबा! घरी उपाशी ठेवतो काय मी तुले?"

पुढे महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली. दर्यापूरला आमचं गादी-रजईचं दुकान आहे. आम्ही पिंजारी. सासऱ्यांच्या काळात धनुकलीने कापूस पिंजत, आता मशीन आहे, पण शिवण अजून हातानेच. यांचं बोलणं आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोलून बोलून पक्कं वऱ्हाडी झालंय, घरातही तेच, उर्दू पाहुण्यांपुरती. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, त्यात शाळामास्तरीण, म्हणून माझं मराठी पुस्तकी. त्यावरूनही ते मला चिडवतात.

दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असतं. त्या दिवशी ते स्कूटरला गाद्या बांधून पूर्णेकाठच्या गावांना पोचवायला जातात. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी मला चालायला सांगितलं, तेव्हापासून मीही मागे बसून जायला लागले. ते कुणाच्या तरी निंबाखाली चहा पीत बसायचे, मी नदीत उतरायचे. पूर्णेचा काठ वरून काळा आणि खाली पिवळा आहे. त्या पिवळ्या मातीत चुनखडीचे दाणे असतात आणि दर पुराने तिचा एखादा कडा ढासळतो. ढासळला की आत काय काय असतं ते बाहेर येतं. मला हरणाच्या दाढा मिळाल्या होत्या, एक घोड्याचा दात, पायाच्या हाडांचे तुकडे. ते मी जुन्या फराळाच्या डब्यात कापसावर ठेवले होते. आणि मी हत्तीची वाट बघत होते. नदीकाठी हाडं वेचणाऱ्या प्रत्येकाला हत्तीच हवा असतो, इतरांवर तो आपला वेळ काढतो.

त्या वर्षी पूर मोठा आला. पाणी उतरून काठ वाळल्यावर गेले, तर ओळखीचा कडा जागेवर नव्हता. ढिगाऱ्यातून एक करडा, जाड ठोंब वर आला होता. मी पाटीभर माती हातांनीच उकरली. नखं मोडली, त्याचं भान नव्हतं. बाहेर आलं ते माझ्या मनगटाच्या दुप्पट जाड होतं, किंचित वाकलेलं, हातभर लांब, आणि एका टोकाला कवटीचा चपटा तुकडा चिकटलेला. उचललं तर जात्याच्या तळीसारखं जड. मी ते मांडीवर घेऊन वाळूत बसले आणि वेड्यासारखी एकटीच हसले. असा आनंद मला पोरांच्या निकालांच्या वेळीही झाला नव्हता.

तो आनंद स्कूटरपर्यंत टिकला.

यांनी आधी माझ्या हातातलं पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. मग खांद्यावरचा दुपट्टा काढून त्यावर टाकला.

"कायचं हाये हे?"

"शिंगाच्या आतलं हाड. वरचं शिंग कुजून जातं, आतला गाभा राहतो. फार जुनं आहे. दगड झालाय त्याचा."

"बैलाचं?"

"माहीत नाही अजून. म्हशीचंही असेल."

"कोणी इचारलं तं काय सांगशीन?"

"दगड आहे म्हणेन. हजारो वर्षांपूर्वीचा."

 ते अगदी हळू म्हणाले, "पकडणारे काय चाटून पायतीन काय?"

एरवी या वाक्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो.

ज्यांना हे सांगावं लागत नाही त्यांना ते आपोआप कळतं, बाकीच्यांसाठी सांगते. आमच्या घरात गाय-बैलाचं शिंग कवटीसकट सापडणं आणि शेजारच्या घरात सापडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या बाबतीत आधी व्हिडिओ निघतो, चौकशी नंतर होते. माहेरच्या फोनवरच्या गटात असे व्हिडिओ येतात. खाली कुणी काही लिहीत नाही, फार तर दुवा मागणाऱ्या हातांचं चित्र टाकतात. आम्ही ते बघतो आणि फोन उलटा ठेवतो. खरं सांगायचं तर दर्यापुरात आम्हाला कुणी कधी वाकडा शब्द बोललेलं नाही. अर्धं गाव आमच्या गाद्यांवर झोपतं आणि उरलेल्याला मी शिकवलंय. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, ते अगदी बरोबर आहे. पण ज्याच्या पाठी तो लागलाय त्याला म्हण सांगून काय उपयोग?

म्हैस निघाली तर सुटलो, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हशीच्या शिंगाचा गाभा आडवा कापला तर तिकोनी दिसतो, बैलाचा गोल. तुटलेलं टोक कागदावर ठेवून मी कडेने पेन्सिल फिरवली. गोल आला. पेन्सिल जरा तिरकी धरली तर कोपरे येतात का, म्हणून दुसऱ्यांदा फिरवली. शाळेत एखाद्या पोराने उत्तर जुळवायला असा प्रयोग केला असता तर मी त्याचा कान पिळला असता. तिसऱ्यांदाही गोलच आला. कागद मी गॅसवर धरून जाळला, आणि जळक्या कागदाचा वास यांना येऊ नये म्हणून कांदा फोडणीला टाकला.

यांना मी काही बोलले नाही. पण त्यांना न सांगताच कळल्यासारखं होतं. शिंग दुकानाच्या मागच्या खोलीत, पिंजलेल्या कापसाच्या ढिगात ठेवलं होतं. दारात मोटारसायकल थांबली की त्यांची सुई थांबे. गिऱ्हाईक आत डोकावून "कापूस दाखवा" म्हणालं की ते स्वतः आडवे उभे राहत. आयुष्यभर डोळे मिटून सरळ टाका घालणारा माणूस, त्याची शिवण वाकडी जायला लागली. एका गादीचे टाके त्यांना सगळे उसवावे लागले.

शेवटी ते म्हणाले, "पूर्णामायच्या पोटात होतं, तिच्याच पोटात टाकून देऊ. मी नेतो."

"नाही," मी म्हटलं.

"काहून नाई?"

"कशाचं आहे ते कळल्याशिवाय नाही."

"कळून काय लोणचं घालतं त्याचं? आ बैल मुझे मार, हेच चालू हाये तुझं."

मी रागाने ताट सरकवलं. त्यांच्या भीतीचा राग नव्हता. राग याचा होता की साठी उलटताना मला आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी स्वतःचं, पुस्तकात नसलेलं सापडलं, आणि ते मला चोरीच्या मालासारखं लपवावं लागत होतं. मी तसं बोलूनही दाखवलं.  मग तोडगा निघाला. अमरावतीला माझे कॉलेजातले प्राध्यापक होते, आता निवृत्त, पण आयुष्यभर हाच अभ्यास. त्यांच्याकडून लेखी आणायचं की ही वस्तू दगड आहे, अमुक इतकी प्राचीन आहे. कागद हाती असला की भीती नाही. कागदावर यांचा फार विश्वास.

सरांना फोन केला. मी म्हटलं, फोटो पाठवते. ते म्हणाले, "फोटोवरून मी नाव सांगत नाही. चुकलं तर ते चुकीचं नाव त्या हाडाला जन्मभर चिकटतं. घेऊन ये."

आता न्यायचं कसं? पिशवीत घातलं तर टोक बाहेर येत होतं. पोत्यात घालून मी पोतं घेऊन गाडीत बसलेली बरी दिसले नसते. यांनी एक दिवस विचार केला आणि दुकान लवकर बंद केलं. शिंग जुन्या रजईच्या फडक्यात गुंडाळलं, भोवती कापसाचे थर दाबत दाबत आणले, पट्ट्यापट्ट्याच्या कापडाची खोळ चढवली आणि दाभणाने तोंड शिवून टाकलं. बैठकीवर टेकायला ठेवतात तसा लांबट गोल लोड तयार झाला. दोन्ही टोकांना त्यांनी गोंडेसुद्धा लावले. ज्याला ते घरात नको होतं, त्यानेच ते असं शिवलं.

"असा लोड मी कोनाच्या लग्नातबी देला नाई," ते म्हणाले. हात फिरवून त्यांनी कुठे टोचतं का पाहिलं.

"तुम्ही येताय ना सोबत?"

"दोघं गेलो तं दोघं अडकू," ते म्हणाले आणि हसले. हसणं नुसतं ओठांचं होतं. मग स्टँडपर्यंत सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत पानठेल्याआड उभे राहिले.

काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर माझा विद्यार्थी निघाला. पाया पडला आणि लगेच लोडाला हात घातला. "मॅडम, वर बांधून टाकतो कॅरेजवर."

"नको, मळेल. मांडीवर राहू दे."

"अमरावतीवरी मांडीवर?"

"अरे आहेर आहे लग्नाचा," मी म्हटलं. पहिलं खोटं असं सहज बाहेर पडलं.

शेजारी एक म्हातारी बसली, दुकानामुळे मला ओळखणारी, पायाशी वांग्यांची टोपली. गाडी हलली तशी ती लोडावर रेलली आणि पेंगायला लागली. तिचं डोकं नेमकं शिंगाच्या वाकावर होतं. गाडी खड्ड्यातून गेली की ती दचकून जागी व्हायची, लोडाकडे बघायची आणि पुन्हा टेकायची. मग एकदा तिने तो चाचपला.

"माय, लय टनक हाये वो. आन् जडबी. कापूस भिजला काय?"

"दाबून भरलाय, आजी. टिकायला."

"कोनाले देऊन राहिली? त्याची मान मोडन ना!"

गाडीतले सगळे हसले. मीही हसले. सोयाबीनची रानं मोकळी झाली होती, कपाशी पांढरी दिसत होती, ऊन चांगलं होतं. मी एकेक गाव मागे पडताना मोजल्यासारखं पाहत होते.

एका फाट्यावर गाडी थांबली. पुढे एक पिकअप उभी होती आणि पाच-सहा पोरं तिची ताडपत्री वर करून बघत होती. पोलीस कुठे दिसत नव्हते. आमच्या गाडीत कुणाला काही विशेष वाटलं नाही. एकाने तंबाखू मळायला घेतली. मी मात्र लोड दोन्ही हातांनी आवळला. एक पोरगा आमच्याकडे आला, खिडकीत वाकला, सगळ्यांवर नजर फिरवली आणि माझ्या डोक्यावरच्या ओढणीशी थांबला. नंतर लोडाशी.

"ह्याच्यात काय हाये?"

"कापूस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच लहान मुलीचा वाटला.

त्याने हात आत घालून लोड दाबला. मधोमध नाही, टोकाला, गोंड्यापाशी. तिथे खरोखर कापूसच होता. तेवढ्यात म्हातारी खेकसली, "काय चिवडून राहिला रे? गादीवाल्याच्या घरची बाई लोड नाई नेईन तं काय ट्रॅक्टर नेईन?" आणि ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम हायेत आमच्या. शिकवलं त्याईनं मले."

पोरगा हात काढून मागे सरला. त्याला काही वाईट बोलायचं नव्हतं बहुतेक. "जा," म्हणाला, एवढंच. गाडी निघाली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मी काहीच चोरलं नव्हतं आणि तरी माझ्या मनात ते लख्ख पडलं होतं. म्हातारीने मला एक वांगं काढून दिलं, कशासाठी कोण जाणे. ते मी हातात धरूनच अमरावतीला उतरले.

सर राजापेठेत राहतात. खाली ट्यूशन क्लास, त्याच्या पोरांच्या दुचाक्या जिन्यापर्यंत लावलेल्या, वर सरांचं घर. टेबलावर छोटी बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी घोड्याची कवटी. मी लोड मांडीवरून टेबलावर ठेवला तेव्हा ते चष्म्यावरून बघत राहिले.

"हाड कुठंय?"

"यात," मी म्हटलं. "कात्री द्या."

यांनी टाके इतके पक्के घातले होते की कात्रीने उसवताना मला वाईट वाटलं. कापूस बाजूला झाला, फडकं सुटलं आणि सरांनी दोन्ही हात पुढे केले.  तुटलेली कड पाहिली, बोटाने गोलाई चाचपली, कवटीचा तुकडा उजेडाला धरला, कपाटातून दुसरे दोन तुकडे काढून शेजारी ठेवले. त्यांच्या तोंडावर जे दिसत होतं ते मी त्या दिवशी वाळूत बसून अनुभवलं होतं. मी मात्र मनात एकच घोकत होते. तिकोनी म्हणा, सर. म्हैस म्हणा.

"बैल," ते म्हणाले. "रानबैल. आपल्या बैलांचा नामशेष झालेला नातलग. पण काय सुंदर आहे, अगं! कवटीसकट शिंग मी या नदीचं पाहिलं नव्हतं."

त्यांनी लगेच कागद ओढला आणि लिहायला घेतलं. मला हवा होता तोच कागद. लिहून झाल्यावर माझ्यासमोर ठेवला. पहिली ओळ होती, 'गोवंशातील नामशेष प्राण्याचे शिंग व कवटीचा भाग'. पुढे दगड झाल्याचं, प्राचीन असल्याचं, पूर्णाकाठाचं, सगळं व्यवस्थित. शेवटी शोधकाचं नाव, म्हणजे माझं, यांच्या नावासकट, संपूर्ण. वर तो एक शब्द आणि खाली आमची नावं. वाचणारा पहिल्या ओळीच्या पुढे गेलाच नाही तर?

"वर्तमानपत्रात देऊ," सर म्हणत होते. "तुझा फोटो हवा शिंगासोबत. कॉलेजच्या संग्रहालयात ठेवू, खाली तुझं नाव."

"सर, माझं नाव नको."

"का?"

मी सांगायला सुरुवात केली आणि मला नीट सांगता येईना. वर्गात पन्नास पोरांसमोर कधी अडखळले नाही, तिथे मी लोडाबद्दल सांगितलं, फाट्याबद्दल सांगितलं, यांच्या वाकड्या शिवणीबद्दल सांगितलं, आणि रडायला लागले. खाली क्लासची पोरं गोंगाट करत होती.

"पण हा माणसाने मारलेलाही नसेल," सर चिडून म्हणाले. "तेव्हा ना तुझा धर्म होता, ना माझा, ना कायदा."

"मला माहीत आहे सर. त्यांना कोण सांगणार?"

ते उठून खिडकीपाशी गेले. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. "माझे आजोबा गावातली मेलेली ढोरं ओढायचे. तेच काम होतं आमच्या लोकांना. बौद्ध झाले तेव्हा सोडलं, आणि घरात कायदा केला की हाडाला कुणी हात लावायचा नाही. मी पुढे हाडांचाच मास्तर झालो. आईला इतकी लाज वाटायची की वस्तीत सांगायची, पोरगं दगडं शिकवते." ते जरासे हसले. "तुझं नाव गाळतो. पण हाडाचं खरं नाव मी गाळणार नाही. तेवढं माझ्याच्याने होत नाही."

मी म्हटलं, चालेल. कागद मी घेतला नाही. शिंग त्यांच्याकडे राहिलं, रिकामा लोड मी काखेत मारला. सर म्हणाले, जागा बघायला मी येतोच दर्यापूरला.

परतीच्या गाडीत लोडात काही नव्हतं, तरी मी तो घट्ट धरून बसले होते. यांना काय सांगायचं, याची जुळवाजुळव दर्यापूर येईपर्यंत चालली होती. खरं सांगितलं तर काय होईल ते मला दिसत होतं. शिंग गेलं तरी भीती घरातच राहणार. कुणी पाहिलं असेल, कुणाला कळलं असेल, सर कुणाजवळ बोलतील, रोज नवी. दुकानात पोचले तर ते गादीवर तसेच बसलेले, हातात सुई दोऱ्याविना.

"काय निघालं?"

"हत्ती," मी म्हटलं.

"हत्ती?"

"सुळ्याचा तुकडा. शिंग नव्हतंच ते."

त्यांनी डोळे मिटले. मग हातातली सुई गादीत खोचली आणि दोन्ही तळव्यांनी तोंड पुसलं. "मी म्हनलं होतं ना," म्हणाले. त्यांनी तसं काहीच म्हटलं नव्हतं. लेखी कागदाची त्यांना आठवणही झाली नाही. लवकर जेवले आणि कितीतरी दिवसांनी घोरले. मी त्या घोरण्याला पहिल्यांदाच नावं ठेवली नाहीत.

पण माणूस भीतीतून सुटला की किती बोलतो! दुसऱ्या दिवशीपासून दुकानात एकच विषय. "आमच्या बाईनं नदीतून हत्ती काढला." गादीचं माप घेताना हत्ती, कापूस तोलताना हत्ती. आधी आम्हाला ते शिंग वाटलं होतं, हेही सांगून मोकळे. शेजारी बी-बियाण्यांचं दुकान आहे, तिथले भाऊ यांचे जुने दोस्त. ते सगळा धंदा सोडून आले आणि मला हात जोडून म्हणाले, "वैनी, गनपतीच पावला म्हना की तुमाले." शाळेतल्या जुन्या मैत्रिणींचे फोन आले. मी प्रत्येकीला हो म्हणत गेले. लोक कौतुक करायचे आणि मी विषय बदलायचे. सरांना फोन करून आधी सांगायला हवं होतं. दोनदा नंबर लावला आणि दोनदा ठेवून दिला. ज्या माणसाने फोटोवरून नाव सांगायला नकार दिला, त्याला फोनवरून खोटं बोला म्हणून कसं सांगायचं?

सर आले ते भर दुपारी, दुकानात चार माणसं असताना. निरोप मिळून मी घरून धावत पोचेपर्यंत यांनी त्यांना सगळ्यात जाड गादीवर बसवलं होतं. मागे टेकायला लोड दिला होता, तोच, पुन्हा भरून शिवलेला. बियाण्यांवाले भाऊही येऊन बसले होते.

"सर, मंग केवढा असन हो तो?" हे विचारत होते.

सरांनी मला दारात पाहिलं. मी नुसती उभी राहिले, मान हलवायचीही हिंमत झाली नाही. त्यांची नजर यांच्या तोंडावर गेली, तिथल्या त्या मोकळ्या, लहान मुलासारख्या आनंदावर, आणि तिथेच राहिली.

"मोठा होता," सर म्हणाले. "आता तसे नाहीत."

"पन हत्तीच नक्की ना सर?" भाऊंनी विचारलं. "नाई, पयले शिंग म्हनून राहिले होते हे."

 यांचा हात मांडीवर आवळलेला मला दिसला. सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"हत्तीच," ते म्हणाले.

यांनी एवढा मोठा श्वास सोडला की भाऊ हसले. मग चहा आला, बिस्किटं आली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, वाटलंही. पण त्याच्या आत काहीतरी तुटत होतं. जगात एक माणूस असा होता जो त्याचं खरं नाव घेईल अशी मला खात्री होती, आणि माझ्यासाठी त्यालाही ते गिळावं लागलं.

"आन् सर," हे बशी खाली ठेवून म्हणाले, "तिथं संग्रहालयात हत्तीखाली हिचं नाव लिवा. मोठ्या अक्षरात. लय मेहनत केली हो तिनं. नखं पाहा ना कशी झाली होती."

सर खाली बघत होते. मीही खाली बघत होते. खऱ्या हाडाखाली माझं नाव लागणार नव्हतं, आणि ज्याच्याखाली लागलं तर कुणाचं काही बिघडणार नव्हतं, तो हत्ती मला सापडलेलाच नव्हता.

"लिवसान ना सर?" यांनी पुन्हा विचारलं.

"लिहू," सर म्हणाले आणि चहाचा कप तोंडाला लावला. तो केव्हाच रिकामा झाला होता.